फ्लूच्या हंगामात कार्यालय आजारी का पडते?

फ्लूचा हंगाम सुरू झाला की कार्यालयांच्या सूचनाफलकांवर आणि ई-मेलमध्ये दरवर्षी तोच मजकूर झळकतो: हात धुवा, खोकताना तोंड झाका, काळजी घ्या. सल्ला चुकीचा नाही. पण तो सगळा कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या वागण्याविषयी असतो. ज्या खोलीत तो दिवसाचे आठ तास बसतो त्या खोलीतील हवेविषयी, किंवा ताप आल्यावर घरी राहिल्यास त्याचा पगार कापला जाणार की नाही याविषयी, त्यात अवाक्षर नसते. फ्लू कामाच्या ठिकाणी नेमका कसा पसरतो हे समजून घेतले, तर कोणत्या उपायाला किती वजन द्यायचे ते ठरवता येते. शिवाय नेहमी पडणाऱ्या दोन कोड्यांची उकलही होते: लस घेऊनही काही जणांना फ्लू का होतो, आणि एवढी काळजी घेऊनही एखाद्या विभागातील निम्मी माणसे एकाच आठवड्यात कशी आडवी होतात.

## फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे

फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा. तो इन्फ्लुएन्झा विषाणूंमुळे होतो. सर्दी-पडसे मात्र वेगळ्या विषाणूंमुळे, बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरस या कुळातील विषाणूंमुळे होते. सर्दी हळूहळू वाढते. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहू लागते आणि अंगात जेमतेम कणकण असते. फ्लू बहुधा एकाएकी गाठतो: सकाळी ठणठणीत असलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत ताप, थंडी, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि अंग मोडून काढणारी ठणक यांनी घेरलेले असते. अर्थात हा फरक दरवेळी इतका स्पष्ट नसतो. सौम्य फ्लू सर्दीसारखाच वाटू शकतो आणि खात्री फक्त तपासणीनेच होते. त्यामुळे ‘मला नुसती सर्दी आहे’ हा कामावर येणाऱ्याने स्वतःच केलेला निदानाचा दावा फारसा भरवशाचा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 100 कोटी लोकांना हंगामी फ्लू होतो. त्यांपैकी 30 ते 50 लाख लोकांचा आजार गंभीर होतो आणि 2 लाख 90 हजार ते 6 लाख 50 हजार लोक फ्लूशी संबंधित श्वसनविकारांनी दगावतात. बहुतेक निरोगी माणसे मात्र औषधाविनाही आठवडाभरात बरी होतात. एकट्यासाठी बहुधा किरकोळ आणि समाजासाठी मोठा, असे या आजाराचे दुहेरी स्वरूप आहे, आणि त्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे मूळही त्यातच आहे.

## एकदा होऊन गेला, तरी पुन्हा कसा होतो?

माणसांमध्ये हंगामी साथी घडवणारे इन्फ्लुएन्झाचे प्रकार दोन आहेत, ए आणि बी. या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन महत्त्वाची प्रथिने असतात. एकाच्या साहाय्याने तो आपल्या पेशीला चिकटतो आणि दुसऱ्याच्या साहाय्याने नवे विषाणू पेशीतून सुटून बाहेर पडतात. ए प्रकाराच्या एच1एन1, एच3एन2 अशा नावांतील ‘एच’ आणि ‘एन’ ही याच दोन प्रथिनांची आद्याक्षरे आहेत. आपले शरीर विषाणूला ओळखते ते मुख्यतः या प्रथिनांवरून आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारे रेणू, तयार करते.

अडचण अशी की हा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना वारंवार चुका करतो आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याजवळ जवळजवळ नसते. चुका साचत जातात, प्रथिनांची ठेवण थोडीथोडी बदलते आणि गेल्या काही हंगामांतील प्रतिपिंडांना नवा विषाणू नीट ओळखता येत नाही. म्हणूनच लस वरचेवर बदलावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ जगभरातून आलेले नमुने तपासून उत्तर गोलार्धाच्या हंगामासाठी फेब्रुवारीत, तर दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये लसीचे घटक सुचवतात, कारण लस तयार करून बाजारात आणायला सुमारे सहा महिने लागतात. या सहा महिन्यांत विषाणू पुढे बदलला, तर त्या वर्षीची लस थोडी कमी पडते.

## एक आकडा, जो बाकीचे बरेच काही सांगतो

एका रुग्णापासून सरासरी किती नव्या माणसांना लागण होते, तो आकडा साथीच्या अभ्यासात मध्यवर्ती असतो. कोविडच्या काळात बातम्यांत सतत येणारा ‘आर’ तो हाच. गोवराच्या बाबतीत, कोणाकडेच प्रतिकारशक्ती नसेल तर, तो 12 ते 18 इतका मोठा मानला जातो. हंगामी फ्लूसाठी तो साधारण 1.3 च्या आसपास असतो. हा आकडा 1 च्या खाली गेला की प्रत्येक रुग्णामागे एकाहून कमी नवा रुग्ण निर्माण होतो आणि साथ आपोआप विझत जाते.

आता हिशेब करून पाहावा. 1.3 ला 1 च्या खाली आणण्यासाठी संसर्ग जेमतेम एक चतुर्थांशाने कमी व्हावा लागतो. म्हणजे फ्लू रोखायला कोणताही एक उपाय रामबाण असण्याची गरज नाही. अर्धेमुर्धे चालणारे चार उपाय एकत्र आले तरी साखळी तुटू शकते. 2020-21 च्या हंगामात हेच जगभर दिसले. मास्क, कमी झालेला प्रवास, घरून काम आणि बंद शाळा यांमुळे कोरोना विषाणू थांबला नाही, पण फ्लू मात्र बहुतेक देशांतून जवळजवळ दिसेनासा झाला. इन्फ्लुएन्झा बी विषाणूची यामागाता नावाची शाखा तर मार्च 2020 नंतर लोकांमध्ये फिरताना खात्रीलायकपणे आढळलेलीच नाही, आणि त्यामुळे ती आता लसीतूनही वगळली जात आहे.

तसे निर्बंध पुन्हा कोणी सुचवत नाही. माणसे घरात, शाळेत आणि प्रवासातही एकमेकांना फ्लू देतात, तेव्हा एकटे कार्यालय साथ थांबवू शकणार नाही हेही खरे. पण आपल्या चार भिंतींच्या आत संसर्ग एक चतुर्थांशाने कमी करणे हे उद्दिष्ट आवाक्याबाहेरचे मुळीच नाही.

## तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा?

फ्लू पसरण्याचे मार्ग तीन आहेत. खोकताना वा शिंकताना उडणारे मोठे थेंब समोरच्याच्या तोंडावर, नाकावर किंवा डोळ्यांवर पडणे हा पहिला. दूषित वस्तूला स्पर्श करून तोच हात चेहऱ्याला लावणे हा दुसरा. तिसरा मार्ग सूक्ष्म तुषारांचा. श्वास घेताना, बोलताना, खोकताना आपल्या तोंडा-नाकातून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याच्या काही पट आकाराचे कण बाहेर पडत असतात, आणि ते जमिनीवर न पडता बराच वेळ हवेत तरंगत राहतात.

या तिसऱ्या मार्गाकडे अनेक वर्षे कमी लक्ष दिले गेले. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 142 फ्लूरुग्णांच्या श्वासाचा अभ्यास करून 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक वेळी अर्धा तास गोळा केलेल्या सूक्ष्म तुषारांच्या नमुन्यांपैकी 39 टक्क्यांमध्ये संसर्ग घडवू शकणारा जिवंत विषाणू सापडला. विशेष म्हणजे नमुने घेतले जात असताना रुग्ण क्वचितच शिंकले. म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी शिंकत नाही, एवढ्याने निर्धास्त होता येत नाही.

बंद खोलीत कोणी सिगारेट ओढली, तर तिचा धूर कसा वागतो ते आठवावे. ओढणाऱ्याजवळ तो दाट असतो, पण थोड्याच वेळात खोलीभर पसरतो. खिडकी उघडली की विरतो, आणि सगळे बंद ठेवले तर ओढणारा निघून गेल्यावरही मागे राहतो. सूक्ष्म तुषार असेच वागतात, फरक इतकाच की ते दिसत नाहीत आणि त्यांना वासही नसतो.

याची दोन जुनी उदाहरणे उद्बोधक आहेत. मार्च 1977 मध्ये अलास्कात एका प्रवासी विमानाचे इंजिन बिघडले आणि 54 माणसे असलेले ते विमान काही तास जमिनीवरच अडकून पडले. त्या काळात आतील हवा बदलणारी यंत्रणा चालू नव्हती आणि प्रवाशांपैकी एकाला फ्लू होता. पुढच्या 72 तासांत 72 टक्के प्रवासी आजारी पडले. जे विमानात जास्त वेळ बसून राहिले, त्यांच्यात आजाराचे प्रमाणही जास्त होते. दुसरे उदाहरण 1957-58 च्या साथीतील, कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील रुग्णालयाचे. तेथे काही कक्षांच्या वरच्या भागात हवा निर्जंतुक करणारे अतिनील किरणांचे दिवे बसवलेले होते. त्या कक्षांतील सुमारे 2 टक्के रुग्णांना फ्लूची लागण झाली, तर दिवे नसलेल्या कक्षांत हे प्रमाण 19 टक्के होते. छताजवळचे दिवे टेबले, पलंग किंवा हात स्वच्छ करत नाहीत; ते फक्त हवेवर काम करतात. दोन्ही ठिकाणच्या रुग्णांची परिस्थिती अगदी सारखी नव्हती, त्यामुळे या एकाच निरीक्षणावर सगळा भार टाकू नये. तरीही एवढा मोठा फरक हवेकडेच बोट दाखवतो.

## मग हात धुणे निरर्थक आहे का?

नाही. पोलाद आणि प्लास्टिक यांसारख्या कठीण पृष्ठभागांवर फ्लूचा विषाणू 24 ते 48 तास टिकू शकतो, कापड आणि कागदावर साधारण 8 ते 12 तास. हातावर मात्र तो सुमारे पाच मिनिटांतच बराचसा निष्प्रभ होतो. पण पाच मिनिटे पुरेशी आहेत. सिडनीत 26 वैद्यकीय विद्यार्थ्यांचे वर्गातील चित्रण तपासले गेले, तेव्हा त्यांचा हात तासाला सरासरी 23 वेळा चेहऱ्याकडे जात असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे स्पर्श डोळे, नाक वा तोंडाला होते. संसर्गाविषयी शिकणाऱ्यांची ही गत असेल, तर ‘चेहऱ्याला हात लावू नका’ या सूचनेतून फार अपेक्षा न केलेली बरी. त्यापेक्षा हात स्वच्छ ठेवणे सोपे.

साबण येथे विशेष उपयोगी पडतो, कारण या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते आणि साबणाने ते फाटते. किमान 20 सेकंद हात चोळून धुणे, आणि पाणी नसेल तेथे 60 टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले सॅनिटायझर वापरणे, एवढे पुरते. लिफ्टची बटणे, दारांच्या मुठी, सामाईक कीबोर्ड आणि कॉफीच्या यंत्राची कळ रोज पुसली जावी. संपूर्ण इमारतीत जंतुनाशक फवारण्याचा सोहळा मात्र बहुतांशी दाखवण्यापुरता असतो. तेवढ्या खर्चात हवेची व्यवस्था सुधारता येते.

## खोलीतील हवा: सर्वाधिक दुर्लक्षित उपाय

एका तासात खोलीतील हवेच्या आकारमानाइतकी ताजी किंवा गाळलेली हवा किती वेळा आत येते, त्याला हवा-बदलाचा दर म्हणतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, 2023 मध्ये तासाला किमान पाच हवा-बदलांचे लक्ष्य सुचवले. या आकड्याचा अर्थ असा: हवा सर्वत्र सारखी मिसळत असेल आणि आजारी माणूस खोलीतून निघून गेला असेल, तर तासाला एकच हवा-बदल होणाऱ्या खोलीतील 99 टक्के तुषार जायला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो, तर पाच हवा-बदल होणाऱ्या खोलीत हेच काम तासाभराच्या आत, साधारण 55 मिनिटांत होते. दुपारी बैठकीच्या खोलीत एकामागून एक तीन गट बसणार असतील, तर पहिल्या गटातील रुग्णाने सोडलेले विषाणू तिसऱ्या गटाच्या वाट्याला येणार की नाही, हे या फरकावर ठरते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. भिंतीवर लावलेला नेहमीचा एसी खोली थंड करतो, पण बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. आतलीच हवा ओढून, थंड करून पुन्हा आत सोडतो. खिडक्या बंद करून असा एसी लावलेली खोली अंगाला कितीही ताजीतवानी वाटली, तरी तिच्यातील हवा सगळ्यांनी वाटून घेतलेली असते. मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या इमारतींत बाहेरची हवा घेण्याची सोय बहुधा असते, पण वीज वाचवण्यासाठी ती कमी करून ठेवली जाते. ती किती उघडी आहे, हे देखभाल विभागाला विचारायलाच हवे.

हवा कितपत बदलते ते मोजता येते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असतो, तर आपल्या उच्छ्वासात जवळजवळ 40 हजार. त्यामुळे खोलीतील हा आकडा जितका वाढलेला, तितकी इतरांनी सोडलेली हवा आपण आत घेत आहोत असे समजावे. 800 च्या आत आकडा राहिला तर हवा चांगली खेळती आहे. बैठकीत तो 1500 च्या वर चढू लागला, तर दार उघडावे, मध्यंतर घ्यावे किंवा माणसे कमी करावीत. हा आकडा मोजणारे छोटे मीटर सहज मिळतात.

खिडकी उघडता येत नसेल, किंवा बाहेरची हवाच धुराने भरलेली असेल, तर हेपा फिल्टर असलेले हवा गाळणारे यंत्र उपयोगी पडते. अत्यंत बारीक कणही ते 99.97 टक्क्यांपर्यंत अडवते. मात्र ते कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. त्यामुळे असे यंत्र चालू असलेल्या खोलीत मीटरचा आकडा जास्त दिसला, तरी संसर्गाचा धोका तेवढाच आहे असे मानायचे कारण नाही. फार कोरड्या हवेत हा विषाणू अधिक काळ टिकतो, म्हणून खोलीतील आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान असणेही हितावह ठरते.

मास्कचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 मास्क घालणाऱ्याचे चांगले रक्षण करतो, आणि खोकणाऱ्याने घातलेला कोणताही मास्क हवेत जाणारे तुषार कमी करतो. सगळ्यांनी दिवसभर तो घालावा अशी अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. पण आजारातून उठून परतलेल्याने आणि ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांनी हंगामात तो वापरला, तर कोणी भुवया उंचावू नयेत.

## लस घेऊनही फ्लू होतो, मग ती घ्यायची कशाला?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. लसीचे घटक आणि फिरणारा विषाणू यांचा मेळ चांगला बसतो, त्या हंगामांत लसीमुळे डॉक्टरकडे जावे लागण्याइतक्या फ्लूचा धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. पोलिओ वा गोवराच्या लसींच्या तुलनेत हे यश बेताचेच म्हणावे लागेल. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 2018 मध्ये निरोगी प्रौढांवरील चाचण्या एकत्र तपासल्या. लस न घेतलेल्यांपैकी 2.3 टक्के लोकांना एका हंगामात खात्रीशीर फ्लू झाला होता, आणि लस घेतलेल्यांपैकी 0.9 टक्के लोकांना. याचा अर्थ एक रुग्ण टाळण्यासाठी सुमारे 71 निरोगी माणसांना लस द्यावी लागते.

एकट्यासाठी हा फायदा लहान दिसतो. पण 350 कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात सगळ्यांनी लस घेतली, तर याच हिशेबाने पाच जणांचा फ्लू टळतो, आणि त्या पाच जणांनी पुढे ज्यांना आजार दिला असता तेही वाचतात. 1994-95 च्या हंगामात अमेरिकेतील मिनिॲपोलिस-सेंट पॉल परिसरात 849 निरोगी कामकरी प्रौढांवर झालेल्या चाचणीत, लस घेतलेल्यांनी श्वसनमार्गाच्या आजारांपायी घेतलेल्या रजेचे दिवस 43 टक्क्यांनी कमी भरले. दंडावर एक टोचणी आणि फार तर एक-दोन दिवस दुखरा हात, या मोलाने हा सौदा चांगला आहे असे माझे मत आहे.

‘लसीमुळेच मला फ्लू झाला’ अशी तक्रारही नेहमी ऐकू येते. दंडात टोचल्या जाणाऱ्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होणे शक्य नाही. क्वचित येणारी कणकण ही शरीराची लसीला मिळालेली प्रतिक्रिया असते. मात्र संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि त्या मुदतीत बाहेरून लागण झाली, तर दोष लसीच्या माथी येतो. म्हणून हंगाम ऐन भरात येण्यापूर्वीच ती घ्यावी. आधी लसीची तीव्र ॲलर्जी आलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लसीकरणाच्या दिवसांत झोप पुरी व्हावी, हेही महत्त्वाचे: 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, रात्री फक्त चार तास झोपू दिलेल्या तरुणांमध्ये लसीनंतर दहा दिवसांनी प्रतिपिंडांची पातळी इतरांच्या निम्म्याहून कमी आढळली.

## ‘मी धडधाकट आहे, मला काय होणार?’

कदाचित काहीच होणार नाही. पण फ्लूचा परिणाम फुप्फुसांपुरता राहत नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील नोंदींवरून 2018 मध्ये असे दाखवून देण्यात आले, की फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच व्यक्तींच्या एरवीच्या काळाच्या तुलनेत सहा पट होते. ज्यांच्या हृदयाला आधीच धोका आहे, त्यांच्या बाबतीत ही वाढ किरकोळ नव्हे.

शिवाय कार्यालयात आपण एकटे नसतो. 65 वर्षांवरील व्यक्ती, गरोदर स्त्रिया, दमा, मधुमेह, हृदयविकार वा मूत्रपिंडाचे आजार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे, यांना फ्लूची गुंतागुंत होण्याचा धोका अधिक असतो. समोरच्या टेबलावरील सहकाऱ्याला यांपैकी काय आहे हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते, आणि त्याने ते सांगावे असा आग्रहही धरता येत नाही.

## आजारी माणूस कामावर येतोच कशाला?

फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस, सरासरी दोन दिवस जातात. लक्षणांच्या एक दिवस आधीपासून माणूस संसर्ग देऊ लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो, पण सर्वांत जास्त तो पहिल्या तीन-चार दिवसांत देतो. नेमके हेच दिवस दुखणे अंगावर काढण्याचे असतात. आदल्या दिवशीचा संसर्ग कोणालाच टाळता येत नाही. ताप चढल्यानंतरचा मात्र टाळता येतो, आणि तरीही तो टळत नाही.

याचे कारण कर्मचाऱ्याच्या अज्ञानात शोधणे सोयीचे असले, तरी चुकीचे आहे. ताप अंगात असताना कामावर जाऊ नये, हे सगळ्यांना कळते. पण रोजंदारीवर असलेल्याचा त्या दिवसाचा पैसा बुडतो. ज्याच्या जागी दुसरा कोणी ते काम करू शकत नाही, त्याच्या टेबलावर परतल्यावर दुप्पट काम साचलेले असते. आणि ज्याचा वरिष्ठ स्वतः खोकत खोकत बैठका घेतो, त्याला घरी राहणे म्हणजे कामचुकारपणा वाटू लागतो. आजारी असूनही हजर राहणाऱ्याची निष्ठा म्हणून वाखाणणी करणारे कार्यालय फ्लूला पाहुणा म्हणून बोलावते आणि वर त्याचा सत्कारही करते.

रजेच्या धोरणाने फरक पडतो का, याचे गणित मांडले गेले आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका परगण्याचे संगणकीय प्रारूप वापरून अंदाज काढला, की सर्वांना भरपगारी आजारपणाची रजा मिळाली तर कामाच्या ठिकाणी होणारे फ्लूचे संसर्ग जवळजवळ 6 टक्क्यांनी कमी होतील. फ्लू झालेल्या प्रत्येकाला घरी राहण्यासाठी खास एक भरपगारी दिवस दिला, तर ही घट 25 टक्क्यांवर जाईल, आणि दोन दिवस दिले तर 39 टक्क्यांवर. हे प्रारूप आहे, प्रत्यक्ष प्रयोग नव्हे. पण मघाशी पाहिलेल्या ‘एक चतुर्थांश’ या उंबरठ्याशी हे आकडे ताडून पाहिले, म्हणजे त्यांचे महत्त्व ध्यानात येते. अमेरिकेत आजारपणाच्या भरपगारी रजेची सर्वांना लागू अशी संघराज्यीय सक्ती नाही, पण काही शहरांनी आणि राज्यांनी ती आणली. त्यानंतर तेथील फ्लूसदृश आजारांचे प्रमाण घटल्याचे अर्थशास्त्रज्ञांना आढळले आहे.

## ‘रजा दिली तर लोक गैरफायदा घेतील’

काही जण घेतीलच, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही मोजले पाहिजे: एका माणसाचा वाचवलेला दिवस, आणि त्याच्यामुळे आजारी पडलेल्या दोघा-तिघांचे प्रत्येकी तीन-चार दिवस. शिवाय तापाने फणफणलेल्या माणसाने काम कसे केले असते, हाही प्रश्न आहेच. दोन-तीन दिवसांच्या आजारपणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागण्याची पद्धत निदान हंगामापुरती तरी बाजूला ठेवावी, असे मला वाटते. ज्याने घरी पडून राहावे अशी आपली इच्छा आहे, त्यालाच एका कागदासाठी दवाखान्याच्या गर्दीत पाठवण्यात ना त्याचे हित आहे, ना इतर रुग्णांचे.

घरून काम करण्याची मुभा हा सोपा मार्ग आहे, पण तो सर्वांना उपलब्ध नाही. विक्रीच्या काउंटरवर, कारखान्यात, वाहनावर किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यांना तो नसतो, आणि नेमका त्यांचाच लोकांशी जवळून संबंध येतो. अशा ठिकाणी हंगाम येण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाचे काम किमान दोघांना येत असेल, शिफ्टमध्ये बदली माणसाची तजवीज असेल आणि मध्यंतराच्या वेळा थोड्या मागेपुढे ठेवलेल्या असतील, तर रजा देणे वरिष्ठांनाही जड जात नाही. घरून काम करणे म्हणजे तापातही लॅपटॉपसमोर बसणे असा अर्थ मात्र होऊ नये.

## ताप आलाच, तर काय करावे?

विश्रांती, भरपूर पाणी आणि ताप व अंगदुखी यांसाठी पॅरासिटामॉल, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. अँटिबायोटिक औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. फ्लूच्या पाठोपाठ जिवाणूंमुळे न्यूमोनिया झाला, तरच डॉक्टर ती देतात. फ्लूवरची ओसेल्टामिविरसारखी विषाणूरोधक औषधे लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत घेतल्यास सर्वाधिक उपयोगी पडतात. म्हणून वर सांगितलेल्या जोखमीच्या गटातील व्यक्तींनी ‘बघू दोन दिवस’ न म्हणता लगेच डॉक्टरांकडे जावे. धाप लागणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे होणे, लघवी न होणे किंवा बरे वाटू लागल्यावर ताप-खोकला पुन्हा उलटणे, ही लक्षणे दिसली तर वय आणि प्रकृती काहीही असो, तातडीने उपचार घ्यावेत.

पॅरासिटामॉलविषयी एक खबरदारी कामाच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. ती गोळी ताप उतरवते, संसर्ग थांबवत नाही. सकाळी गोळी घेऊन, ताप नाही असे पाहून कामावर येणारा माणूस तेवढाच विषाणू सोडत असतो, फक्त त्याला बरे वाटत असल्यामुळे तो अधिक लोकांना भेटतो. म्हणून परतण्याचा निकष असा मानला जातो, की तापाचे कोणतेही औषध न घेता किमान 24 तास ताप आलेला नसावा आणि एकूण लक्षणे ओसरू लागलेली असावीत. सीडीसीच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार त्यानंतरचे पाच दिवसही मास्क, अंतर आणि खेळती हवा यांची काळजी घ्यावी. खोकला मात्र दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ रेंगाळू शकतो. एवढे दिवस पाळून परत आलेल्या सहकाऱ्याला केवळ त्या खोकल्यावरून वाळीत टाकण्याचे कारण नाही.